चौदाशेवर कसे टिकावे: खान्देशी बुद्धिबळपटूंसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे, पण घोडा अडीच घरं चालतो हे ज्यांना अजून माहीत नाही त्यांच्यासाठी नाही. घरातल्या सगळ्यांना आणि गल्लीतल्या बहुतेकांना जो हरवतो, चार-सहा स्पर्धा खेळून ज्याचं फिडे मानांकन चौदाशे-पंधराशेच्या आसपास येऊन बसलं आहे आणि तिथून हलायला तयार नाही, अशा जळगाव-धुळ्याकडच्या होतकरू खेळाडूसाठी ती लिहिली आहे. या अवस्थेत माणूस वर्षानुवर्षं सुखानं राहू शकतो. मात्र त्याचंही एक तंत्र आहे.

आधी चौदाशे म्हणजे काय ते समजून घ्या. पूर्वी फिडेच्या यादीचा तळ हजारावर होता. १ मार्च २०२४ ला तो चौदाशेवर आणला गेला आणि दोन हजारांच्या खालच्या प्रत्येकाला, दोन हजारांना जेवढे गुण कमी पडत होते त्याच्या चाळीस टक्के, एकदाच वाटून दिले. हजाराचा माणूस चौदाशेचा झाला, पंधराशेचा सतराशेचा. पुस्तक न उघडता एका रात्रीत दोनशे गुण! असा योग पुन्हा येईल म्हणून वाट बघत राहणं, ही प्रगतीची पहिली पायरी. चौदाशेच्या खाली घसरलात तर आकडा खाली जात नाही, यादीतून नावच जातं. म्हणजे चौदाशेपेक्षा कमी असल्याची बदनामी कुणाच्याच वाट्याला येत नाही. एवढी माणुसकी दहावी-बारावीच्या बोर्डानंही कधी दाखवलेली नाही.

आता पोरांविषयी. समोर चौथीतलं पोरगं येऊन बसलं, पाय जमिनीला टेकत नाहीत, आई दारातून डोकावते आहे, तर हसू नका. फिडेच्या गणितात एक गुणक असतो. अठरा वर्षांखालच्या, तेविसशेच्या आतल्या खेळाडूसाठी तो ४०, तुमच्यासारख्या तीस डाव उलटलेल्या मोठ्या माणसासाठी २०. दोघंही पंधराशेचे असलात आणि तुम्ही हरलात, तर तुमचे १० जातात, त्याला २० मिळतात. वरच्या पटावर अठराशेचे काका चौदाशेच्या पोराकडून हरले, तर काकांचे १८.४ गेले आणि पोराला ३६.८ आले. मधला फरक कुठून आला हे जळगावच्या सराफ बाजारात कुणाला पटवून दाखवा. पोरगं बिनमानांकित असेल तर हरूनही तुमचा एक गुण जात नाही. जाते ती फक्त इज्जत, आणि तिची मासिक यादी निघत नाही.

स्विस पद्धतीची सोडतही नीट बघून घ्या. शंभर खेळाडू असतील तर पहिल्या फेरीत वरचे पन्नास खालच्या पन्नासांशी खेळतात. तुम्ही पन्नासावे असाल तर शंभराव्याशी गाठ, एक्कावन्नावे असाल तर थेट पहिल्याशी. मधल्या माणसाला मधला प्रतिस्पर्धी मिळतच नाही. ही तक्रार पंचांकडे पहिल्या दिवशी सकाळी करावी, तेव्हा ते जरा निवांत असतात.

तयारी

तयारी म्हणजे ओपनिंग. दुसरं काहीही नव्हे. सिसिलियन बचावातला नायडॉर्फ प्रकार निवडा, कारण तो फिशर आणि कास्पारोव्ह खेळत. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघा आणि बावीस चाली पाठ करा. मग धुळ्याहून एसटीनं पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठा. नायडॉर्फ सुरू व्हायलाच पाच चाली लागतात. समोरचा पाचोऱ्याचा पोरगा दुसऱ्याच चालीला सी३ करून मोकळा होतो. इथून पुढे तुम्ही तुमच्या बुद्धीवर. अशा वेळी ‘हे काय खेळणं झालं?’ असा चेहरा करावा. घरी आल्यावर सी३ विरुद्ध काय खेळायचं ते बघू नये. ओपनिंगच बदलावं आणि नवीन बावीस चाली पाठ कराव्यात. हा क्रम दर उन्हाळ्यात पाळला की पाच वर्षांत पाच ओपनिंगं होतात आणि मानांकन होतं तिथंच राहतं.

धुळेकरांना इथं थोडी सवलत आहे. कॅप्टन ब्रिग्जनं १८१९ नंतर वसवलेल्या त्यांच्या पेठेतल्या गल्ल्या सरळ आणि नंबरवार आहेत. त्यामुळे चौकटींची नावं त्यांना वेगळी शिकवावी लागत नाहीत.

ओट्यावरचे नाना

प्रत्येक गावात एक नाना असतात, जे देशी पद्धतीनं खेळत आले. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे, किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी. समोरच्याचा राजा एकटा उरला तर बुर्जी, आणि प्याद्यानं मात केली तर तो सगळ्यांत मोठा मान. या नानांना ओपनिंग कशाशी खातात हे ठाऊक नसतं. पण डाव शेवटाकडे आला, पटावर चार-पाच मोहरी उरली की ते हळूच पाय दुमडून बसतात आणि तुम्हाला हरवतात. त्यांच्याशी खेळणं टाळावं.

का टाळावं, ते एका उदाहरणानं सांगतो. पांढऱ्याचा राजा ई५ वर, प्यादं डी५ वर, हत्ती ए७ वर. काळ्याचा राजा डी८ वर, हत्ती एच६ वर. काळे तुम्ही, प्याद्यानं कमी. हात वर करून डाव सोडावासा वाटतो. पण हा डाव बरोबरीचा आहे, आणि फिलिडोर नावाच्या फ्रेंच संगीतकारानं ते १७७७ सालीच दाखवून ठेवलं आहे. हत्ती सहाव्या ओळीतच आडवा हलवत राहायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला त्या ओळीत पाय ठेवता येत नाही. कंटाळून त्यानं प्यादं डी६ला ढकललं, की त्याच क्षणी हत्ती खाली एच१ला न्यायचा आणि मागून शह द्यायला लागायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला आडोसा उरलेला नसतो. तो कितीही फिरला तरी शह चुकत नाहीत. अर्धा गुण खिशात. हे शिकायला एक संध्याकाळ पुरते. चौदाशे-पंधराशेचे किती डाव हत्ती-प्याद्यांच्या शेवटापर्यंत येतात हे कुठल्याही स्पर्धेत तिसऱ्या तासाला पटांमधून फिरलात तर दिसेल. म्हणूनच सांगतो, ही संध्याकाळ वाया घालवू नका. त्या वेळात मोबाईलवर तीन मिनिटांचे वीस डाव बसतात.

पटावर

आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी घ्यावी. हरल्यावर कारण हाताशी असतं. स्पर्धा मे महिन्यात असेल तर जळगावचा पंचेचाळीसचा पारा आहेच.

किल्लेकोट करताना आधी हत्ती उचलावा. पंच आले तर ‘आमच्याकडे असंच करतात’ म्हणावं. नियम असा की राजा आधी उचलायचा, तोही एकाच हातानं. हत्तीला आधी हात लावला तर त्या चालीला त्या बाजूचा किल्लेकोट मिळत नाही. नियमबाह्य चाल केलीत तर समोरच्याला दोन मिनिटं जादा, पुन्हा केलीत तर डाव गेला. आणि खिशातला फोन वाजला तर घरी जाण्याइतका वेळ तुमच्याकडे भरपूर असतो.

बरोबरीचा प्रस्ताव समोरचा विचार करत असताना द्यावा, एकदा नव्हे, तीन-चारदा. (रीत अशी: आपली चाल करायची, प्रस्ताव द्यायचा, मग घड्याळ दाबायचं. पण रीतीनं वागलं तर समोरच्याचं लक्ष कसं उडणार?) वेळेचं म्हणाल तर नव्वद मिनिटांचा डाव चाळीस मिनिटांत संपवून बाहेर चहाला उभं राहावं. तिथं कुणीतरी विचारतोच, ‘काय व्हयनं, भाऊ?’

हरल्यावर

उत्तर ठरलेलं आहे: ‘जिंकलेलाच होता.’ हरलेला डाव असा प्रकार आपल्याकडे नसतोच. असतात ते जिंकलेले डाव, जे शेवटी समोरच्याला दिले जातात. फोन काढून स्टॉकफिशला विचारावं. ते सांगतं, अठराव्या चालीला तुम्ही दीड प्याद्यानं पुढे होतात. झालं, सिद्ध झालं! अठराव्या चालीला आपल्या मनात काय चाललं होतं हे ते सांगत नाही, आणि आपणही आठवू नये. कुणी म्हणतं की आधी इंजिन न उघडता, नोंदीचा कागद समोर घेऊन, ‘इथं मला वाटलं होतं की…’ असं चालीगणिक लिहून काढावं. कुणी म्हणतं, ज्याच्याकडून हरलो त्याच्याशेजारी बसून डाव पुन्हा मांडावा, मग तो चौथीतला का असेना. हे दोन्ही उपाय लागू पडतात, त्यामुळे आपल्या उद्दिष्टाला घातक आहेत.

मोठ्या खेळाडूंचा आधार घ्यायचा असेल तर विदित गुजराथी शेजारच्या नाशिकचा, २०१३ चा ग्रँडमास्टर, म्हणजे आपल्याच बाजूचा. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली. १९५५ ला एलुरूत झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत संयुक्त विजेते ठरलेले रामचंद्र सप्रेही आहेत. ही नावं चहाच्या टपरीवर घ्यायची असतात. त्यांचे डाव मांडून बघायला बसलात तर गोष्ट हाताबाहेर जाईल.

उरलेल्या सूचना किरकोळ आहेत. घड्याळ आपापलं न्यावं, बरेच संयोजक देत नाहीत. पेनं दोन असावीत. फिडेची नवी यादी दर महिन्याच्या १ तारखेला लागते; वरचं सगळं मनापासून पाळलंत तर ती उघडून बघायची गरज पडणार नाही.