नाही सांगितलं, तर?

धायरीतल्या कुठल्याही सोसायटीत हा प्राणी सापडतो. आमचा बी विंगमध्ये राहतो. हिंजवडीच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. आम्ही त्याला डीफॉल्टराव म्हणतो.

धायरी फाट्यावर चहा घ्यायला थांबलो की टपरीवाल्याला याचा प्रश्न ठरलेला. "साखरेचं काहीच सांगितलं नाही, तर किती घालता?"

"किती घालू?"

"तसं नव्हे. नाही सांगितलं, तर?"

तोवर मागचे चौघे चहा पिऊन चालू लागतात. मुलगी बघायला गेला तेव्हाही म्हणे, "आडनावाचं काही ठरवलंच नाही, तर?" असं विचारून आला. तरी लग्न झालं. वहिनी सोशिक आहेत.

धंदाच त्याचा तो. सर्व्हरची मांडणी लावून देणाऱ्या अ‍ॅन्सिबलच्या रोलमध्ये 'डीफॉल्ट्स'मध्ये लिहिलेल्या व्हॅल्यूला जवळपास सगळ्यांत खालचा मान. कमांडबरोबर दिलेले 'एक्स्ट्रा व्हार्स' सगळ्यांच्या वर. एकूण 22 पायऱ्या, आणि त्या तो लिफ्टमध्ये म्हणून दाखवतो. मी सातव्या मजल्यावर उतरतो, त्यामुळे माझं शिक्षण ग्रुप व्हार्सपाशी अडलंय.

पोर्टला डीफॉल्ट द्या, टाइमआउटला द्या, त्याची ना नाही. पण पासवर्डला डीफॉल्ट देणाऱ्याशी तो आठवडाभर बोलत नाही. पासवर्ड दिला नाही तर प्लेबुक तिथंच अडलं पाहिजे, बोंब मारून! 2017च्या सुरुवातीला हजारो मोंगोडीबी डेटाबेस खंडणीखोरांनी साफ केले, ते तो घरचं दुखणं असल्यासारखं सांगतो. पासवर्ड नाही, दार जगाला उघडं, कारण कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुढे 3.6 आवृत्तीत डीफॉल्टच घरापुरतं झालं, तेव्हा याने पेढे वाटले.

मागच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, "ग्रुपवर हरकत आली नाही, म्हणजे रंगाचा खर्च मंजूर." डीफॉल्टराव उठलाच. "नाही सांगितलं, तर 'हो' कसं धरता?" सभा अकरापर्यंत रंगली. रंग लागलाच, तोही सेक्रेटरींच्या आवडीचा. एक्स्ट्रा व्हार्स!

हे सगळं मी वैतागूनच सांगतोय. पण एक गोष्ट नाइलाजाने कबूल करायला हवी. आमच्याकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची चार दारं आहेत. मुलं परदेशी. त्यांचा आवाज आला नाही की आम्ही सगळे 'बरे असतील' असं धरून चालायचो. यानेच ते मोडलं. आठपर्यंत दारातली दुधाची पिशवी उचलली नाही, तर बरं नाही असं धरायचं आणि बेल वाजवायची. वाजवणारा अर्थात तोच.

तळमजल्यावरचे आजोबा हल्ली पिशवी मुद्दाम उचलत नाहीत. चहाचं आधण ठेवून आठ वाजायची वाट बघतात. हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. नियम बदल म्हटलं, तर माझ्यावरच चिडला.