सॉरीआजी

फिलाडेल्फियाच्या उपनगरात आमच्या शेजारी एक गोरी आजी राहते. नाव बायबलमधलं, पण आमच्या घरात ती 'सॉरीआजी'. जन्मभर शाळेत शिकवलं, आता निवृत्त. केस पांढरे शुभ्र, पायात बारा महिने सँडल, थंडीत आत मोजे. अंगणात 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'ची पाटी. वाऱ्याने पडली की ही रात्री गाऊनवर बाहेर येऊन ती ठोकते.

अमेरिकेत सॉरी म्हणणारे पुष्कळ. खांद्याला खांदा लागला की म्हणतात आणि पुढे जातात. सॉरीआजी १८४४ सालाबद्दल सॉरी म्हणते. त्या वर्षी तिचं मेथडिस्ट चर्च गुलामगिरीवरून दुभंगलं. आपल्याकडच्या आजीला जशा पूर्वजांच्या तिथी पाठ, तशी हिला आपल्या पंथाची पापं सालांसकट पाठ. १९३९ साली दुभंगलेले मेथडिस्ट पुन्हा एक झाले, ते काळ्यांच्या चर्चांचा वेगळा विभाग करून. तो १९६८ पर्यंत टिकला. "सिक्स्टी-एट! मी तेव्हा कॉलेजात होते!" हे सांगताना तिचा हात छातीवर जातो.

तिच्याकडे पाहुणा आला की शहरदर्शन ठरलेलं. आधी फोर्थ स्ट्रीटवरचं सेंट जॉर्ज चर्च. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या ॲब्सलम जोन्सला ओढून उठवलं, कारण ती जागा काळ्यांची नव्हती. मग तिथून चालत मदर बेथेल, रिचर्ड ॲलनने १७९४ साली उभारलेलं काळ्यांचं चर्च. वाटेत लिबर्टी बेल लागते. आमचे मेव्हणे खास ती बघायला पुण्याहून आले होते. "तडा गेलाय, तो काचेतून दिसतो," म्हणून तिने त्यांना पुढे काढलं.

स्वतःलाही ती सोडत नाही. बापाने युद्धावरून परत आल्यावर लेव्हिटटाउनमध्ये घर घेतलं. १९५२ साली सुरू झालेली ही वसाहत. माजी सैनिकांना आगाऊ रक्कम न भरता घरं मिळत, फक्त सैनिक गोरा हवा. १९५७ साली मायर्स नावाचं काळं कुटुंब तिथे राहायला आलं तेव्हा घराभोवती जमाव जमून दगडफेक झाली. आजी तेव्हा लहान होती. पुढे ते घर विकून आलेल्या पैशांतून तिचं कॉलेज झालं, हे ती नव्या माणसाला दुसऱ्याच भेटीत सांगते. माणूस तोवर कॉफीत साखर ढवळत असतो, आता काय म्हणावं हे त्याला सुचत नाही.

मी सावळा, म्हणून माझ्यावर तिचं विशेष लक्ष. एकदा विमानतळावर माझी बॅग जरा जास्त उचकली, ते मी कुंपणावरून सहज बोलून गेलो. संध्याकाळी भलंमोठं कॅसरोल हजर. "आय ॲम हिअर टू लिसन," म्हणत बसली आणि पाऊण तास एकटीच बोलली. कॅसरोल आठवडाभर पुरलं. तेव्हापासून घरी पाहुणे यायचे असले की बायको विचारते, "ऑफिसात काही अन्याय वगैरे?"

रविवारी सकाळी अकरा हा अमेरिकेतला सर्वांत विभागलेला तास, असं मार्टिन ल्यूथर किंग म्हणत. आजीच्या चर्चमध्ये त्या तासाला अजून गोरीच डोकी जास्त. म्हणून प्रत्येक कमिटीत तिचा एकच प्रश्न, "या खोलीत कोण नाहीये?" विषय छपराच्या गळतीचा असला तरी. पास्टरबाई डोळे मिटतात. लोकांना ती प्रार्थना वाटते.

पण बुधवारी ती शहरातल्या एका काळ्यांच्या चर्चमध्ये मुलांचं गणित घ्यायला जाते, बर्फ असो की पाऊस. पहिल्याच दिवशी तिने तिथेही माफीचं भाषण सुरू केलं होतं. स्वयंपाकघरातल्या बाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि हातात सोलाणं दिलं. तेव्हापासून गणिताआधी ती बटाटे सोलते. गप्प. मी एकदा तिला सोडायला गेलो होतो म्हणून हे सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

तिला बरं वाटावं म्हणून मी एकदा फुल्यांचं सांगितलं. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. आजीचे डोळे भरून आले, "वी डिडन्ट डिझर्व्ह इट." चार दिवसांनी लायब्ररीतून भाषांतर आणून, वाचून, खुणा घालून दारात उभी. "या पुस्तकात तुझे पणजोबा कुठल्या बाजूला असते?"

गॅसवर दूध होतं. नसतं तरी मी आत गेलोच असतो.

गेल्या गणपतीत तिला मंडळात नेलं. आरतीला टाळ वाजवले, तालात नव्हे पण मनापासून. मोदक खाल्ला, सगळ्यांची आडनावं विचारली, वहीत लिहून घेतली, वही न्याहाळली आणि अध्यक्षांकडे वळली, "हू इज नॉट इन धिस रूम?"

अध्यक्ष उत्साहाने म्हणाले, "खजिनदार! पार्किंग शोधतायत, येतीलच!"

यंदा तिला बोलवायचं का, यावर कमिटीत दोन तट आहेत. मी बोलवा म्हणणाऱ्यांत आहे. एक तर वर्गणी ती सगळ्यांच्या आधी देते.