नाकाचा बंदोबस्त

ज्या शहरात जुना बाजार भरतो, त्या प्रत्येक शहरात असा एक गृहस्थ हमखास आढळतो, की ज्याच्या संग्रही चार बाय पाच इंची निगेटिव्हचा भाता-कॅमेरा असतो, त्यावर 150 मिलिमीटरचे निर्दोष भिंग विराजमान असते, आणि तरीही ज्याची मुद्रा वतनाचा दावा हरलेल्या इनामदारासारखी खिन्न असते. त्याचे दुःख नाकाचे असते. स्वतःच्या नव्हे, इतरांच्या. त्या भिंगाने केवळ मुखमंडल चौकटीत भरून घ्यावयाचे, तर कॅमेरा समोरच्या इसमापासून पावणेदोन फुटांवर न्यावा लागतो, आणि इतक्या निकट सान्निध्यात नासिका डोळ्यांच्या नि कानांच्या मुलखावर राजरोस अतिक्रमण करते.

300 मिलिमीटरचे भिंग घेतले, की कॅमेरा दूर ठेवूनही चेहरा तितकाच मोठा मिळतो. परंतु त्याची किंमत ऐकताच आमचा गृहस्थ खरेदीचा प्रस्ताव बेमुदत तहकूब करतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या चाळशीकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागतो. अधिक तीन नंबरचे भिंग म्हणजे एक मीटर भागिले तीन, अर्थात 333 मिलिमीटर, हे गणित तो सासऱ्यांना इतक्या आदराने समजावून सांगतो, की चाळशी जप्त झाल्याचे त्यांच्या ध्यानात येते ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडल्यावरच. इंग्रज शास्त्रज्ञ वोलॅस्टनने 1812 साली असेच एकेरी भिंग, अंतर्वक्र बाजू दृश्याकडे करून, वापरल्याचा दाखला तत्परतेने रुजू केला जातो, आणि सासरे निरुत्तर होतात.

पुढे भाता अपुरा पडतो. या भिंगाने चेहरा तितकाच मोठा घ्यावयाचा, तर भिंग आणि फिल्म यांच्यात दीड फुटाचे अंतर लागते. सबब जोड्यांचा पुठ्ठ्याचा खोका आतून काळा रंगवून मध्ये बसविण्यात येतो. 30 मिलिमीटरचे छिद्र पाडलेला पुठ्ठा भिंगापुढे लागतो, आणि डब्याचे टोपण काढणे व लावणे, एवढ्यावरच शटरचा कारभार चालतो. भाता लांबल्यामुळे प्रकाश निम्म्यावर येतो, म्हणून टोपण दुप्पट वेळ उघडे राहते. तेवढा काळ समोरच्या इसमाने श्वास रोखून प्रसन्न दिसावे, असे फर्मान सुटते.

एकेरी भिंगात निळे किरण पिवळ्यांच्या आधी एकत्र येतात. आपला डोळा घासलेल्या काचेवर पाहतो ते मुख्यतः पिवळ्याच्या आधाराने, आणि फिल्मच्या जागी घातलेला फोटोचा कागद भुलतो तो निळ्याला. परिणामी नजर डोळ्यांवर साधलेली असली, तरी रेखीव उमटते ते त्यांच्यापुढचे नाक! बाकी चेहरा धुक्यात जातो. त्या धुक्याला हा गृहस्थ कलात्मकता म्हणतो आणि धूसर तसबिरींसाठी गाजलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचे नाव घेतो. नाकाविषयी मात्र मौन पाळतो.

वास्तविक नाकाचा आकार भिंगावर अवलंबून नसून केवळ अंतरावर अवलंबून असतो. जुन्याच भिंगाने चार फुटांवरून छायाचित्र घेतले, तरी निगेटिव्हवर डोके दीड इंचाचे उमटते, म्हणजे 35 मिलिमीटर फिल्मची अखंड चौकट व्यापेल एवढे, आणि त्याचे उत्तम एन्लार्जमेंट होते. हे त्याला पक्के ठाऊक असते. परंतु चार पावले मागे सरण्यात पुरुषार्थ तो कोणता? त्याला तसबीर नको असते, भिंग हवे असते. माणसे ही त्याच्या लेखी भिंगाच्या परीक्षेसाठी विधात्याने केलेली सोय होय.

तरी वाचकहो, त्याचे बोलावणे आल्यास अवश्य जावे, चहा उत्तम मिळतो. फक्त चाळशी घरी ठेवावी.