रिपोर्टमागून आलेले ओट्स

ओट्स आपल्याकडे भूक लागली म्हणून कुणी आणत नाही. ते रिपोर्टमागून येतात. आधी कोलेस्टेरॉलचा आकडा येतो, त्याच्या शेजारी वर तोंड केलेला बाण येतो, मग डॉक्टर चष्म्यावरून बघतात आणि परतीच्या वाटेवर किराणा दुकानातून एक किलोचं पाकीट घरात शिरतं. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात "आज राहू दे, उद्या खातो" सुरू होतं. तिसऱ्या आठवड्यात पाकिटाला रबरबँड लागतं आणि ते साबुदाण्याच्या डब्यामागे जाऊन बसतं, ते थेट पुढच्या रिपोर्टपर्यंत.

आमच्याकडे हे पाकीट नवऱ्याच्या नावावर आलं. सासूबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अगं, कुणाला बरं नाही का?" सकाळच्या वेळी पांढरं, सरबरीत आणि चमच्याने खायचं काही दिसलं, की घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असणार, हा त्यांचा साधा हिशेब. नवरा म्हणाला, "आई, माझ्यासाठी आहे ते." त्यांनी त्याच्याकडे नखशिखान्त बघितलं. "तू तर चांगला हिंडतोफिरतोयस की!"

अशा परक्या जिन्नसाशी वागायची मराठी स्वयंपाकघराची एक ठरलेली रीत आहे. त्याला कांदा-मोहरीची फोडणी द्यायची आणि गपगुमान पोहे व्हायला सांगायचं. शेवया झाल्या, ब्रेड झाला, शिळी पोळीही झाली. ओट्स मात्र ऐकत नाहीत. कढईत पाण्याचा हबका बसला, की दोन मिनिटांत त्यांचा एकच गोळा होतो आणि बिचारे शेंगदाणे त्यात रुतून बसतात. वरून कोथिंबीर, खोबरं, लिंबू असा सगळा साज चढवला तरी आतलं माणूस कळतंच. मग करणारीला वाटतं पाणी जास्त झालं, खाणाऱ्याला वाटतं मीठ कमी झालं, आणि दोघंही एकमेकांना सांगतात, "सवय होईल."

सवय होत नाही, आणि त्याला कारण आहे. पोहे आणि ओट्स यांची जन्मकथा जवळजवळ सारखी. साळ भिजवायची, भाजायची, गरम असतानाच चेपायची, की झाले पोहे. ओटचे दाणे सोलायचे, वाफवायचे, रुळांखालून काढायचे, की झाले ओट्स. ओटच्या दाण्यात गहू-तांदळापेक्षा तेल जास्त असतं आणि कच्चा दाणा चेपला तर तो लवकर खवट होतो, म्हणून आधी वाफ द्यावी लागते. म्हणजे पाकिटातले ओट्स अर्धे शिजूनच येतात. इथवर दोघं भाऊ-भाऊ. पण पोह्यांचा कोंडा बराचसा निघून गेलेला असतो, ओट्सचा अंगावरच असतो, आणि त्यात बीटा-ग्लुकन नावाचा एक विरघळणारा चोथा असतो. पाणी लागलं की तो बुळबुळीत होतो. पोहे धुऊन निथळत ठेवता येतात. ओट्स धुवायला घेतले तर चाळणीत खळ उरते.

गंमत पुढेच आहे. हा बुळबुळीतपणा म्हणजेच औषध. आतड्यात तो पित्ताला धरून ठेवतो आणि बाहेर घेऊन जातो. मग नवं पित्त तयार करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटांवर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली, ती याच चोथ्याच्या जोरावर. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवं, म्हणजे कोरडे ओट्स साधारण ७५ ग्रॅम. तेव्हा जो चिकटपणा घालवण्यासाठी आपण कढईशी झुंजतो, त्याच्यासाठीच तर डॉक्टरांनी ओट्स लिहून दिलेले असतात. त्यांना मोकळे-मोकळे करायचा हट्ट धरणं म्हणजे सुंठीतला तिखटपणा काढून टाकण्यासारखं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की ओट्सना चुकीच्या पंगतीत बसवलं गेलं. त्यांची पंगत कांदेपोह्यांची नाही. त्यांची पंगत आंबिलीची, पेजेची, गुरगुट्या भाताची, लापशीची, ज्वारीच्या कण्यांची. सरबरीत खाणं आपल्याला नवीन थोडंच आहे! आपण ते फक्त आजाऱ्यांना, बाळंतिणींना आणि दात न आलेल्यांना वाटून टाकलं आणि धडधाकट माणसांनी वडापाव घेतला.

स्कॉटलंडमध्ये याच सरबरीत प्रकाराचा केवढा मान आहे! तिथल्या डोंगराळ भागात कारब्रिज नावाचं लहानसं गाव आहे. १९९४ पासून तिथे ओट्स शिजवण्याची जागतिक स्पर्धा भरते. मुख्य स्पर्धेचा नियम असा, की ओट्स, पाणी आणि मीठ यांखेरीज काहीही घालायचं नाही. ढवळायला रवीच्या दांड्यासारखी एक गुळगुळीत लाकडी काठी असते, तिला स्पर्टल म्हणतात, आणि जिंकणाऱ्याला सोनेरी स्पर्टल मिळते. तीन जिन्नसांत स्पर्धा कसली, असं कुणाला वाटेल. ज्याने दहा घरचं साधं वरण खाल्लंय, त्याला वाटणार नाही. साखर-फळं-मसाल्यांची हौस असणाऱ्यांसाठी तिथे दुसरा, वेगळा विभाग आहे. जुने स्कॉटिश लोक शिजवलेले ओट्स टेबलाच्या खणात ओतून थंड करत आणि वड्या पाडून कामावर नेत, असंही सांगतात. पाटवड्या थापणाऱ्या आपल्या लोकांनी त्याला हसू नये.

त्या स्पर्धेतून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे मीठ. ओट्स गोड करायचे असले तरी शिजताना चिमूटभर मीठ पडलंच पाहिजे. त्याशिवाय केलेले ओट्स दुधात बुडवलेल्या पुठ्ठ्यासारखे लागतात आणि मग लोक त्यांच्यावर मधाच्या बाटल्या उपड्या करतात. दुसरी गोष्ट आपल्याच घरातली: आधी भाजा. कोरड्या कढईत मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत. भाजलेल्या ओट्सना स्वतःची अशी थोडी चव येते आणि त्यांचा लगदाही कमी होतो.

आता चवींकडे. सगळ्यात वर मी मेतकूट ठेवते. भाजलेले ओट्स तिप्पट पाण्यात मीठ घालून मऊ शिजवायचे, वर तुपाची धार, त्यावर मेतकूट, बाजूला लिंबाचं मुरलेलं लोणचं आणि पोह्याचा पापड. सासूबाई हे खातात. याला त्या ओट्स म्हणत नाहीत, "ते तुझं मेतकूट" म्हणतात, पण वाटी स्वच्छ करतात. उन्हाळ्यात आंबिलीची वाट धरावी. ओट्स पातळसर शिजवून पूर्ण निवू द्यायचे, मग त्यात घुसळलेलं ताक, ठेचलेला लसूण, जिऱ्याची पूड, मीठ. निवल्याशिवाय ताक घातलं तर ते फुटतं, आणि फुटलेल्या ताकातले ओट्स कुठल्याच डॉक्टरच्या भीतीने खाववत नाहीत.

मॉलमध्ये जाड, तुकडे केलेले ओट्स दिसतात, भाव ऐकून माणूस बरणी हळूच जागेवर ठेवतो. त्या ओट्सच्या कण्या आहेत, दुसरं काही नाही. रात्री भिजत घातल्या तर सकाळी पटकन शिजतात, नाहीतर अर्धा तास चुलीपाशी उभं राहावं लागतं. ज्वारीच्या कण्यांवर जे जे चालतं ते सगळं यांच्यावर चालतं: लसणीची लाल फोडणी, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा, कच्च्या तेलाची धार.

रात्रभर भिजवलेले ओट्स ही सध्याची मोठी फॅशन आहे. काचेच्या बाटलीत थरावर थर, त्यावर सब्जाच्या चुलतभावासारखे दिसणारे चियाचे दाणे, त्यावर सोन्याच्या भावाची निळी फळं. मूळ कल्पना झुरिकच्या डॉक्टर बिर्शर-बेनर यांची, साधारण १९०० सालची. ते आपल्या रुग्णांना जे देत, त्यात ओट्स जेमतेम चमचाभर असत आणि सालीसकट किसलेलं सफरचंदच भरपूर. म्हणजे खरं तर ती सफरचंदाची कोशिंबीर होती. आपण ते सफरचंद सोडून सरळ गोपाळकाल्याकडे यावं. ओट्स रात्री दह्यात, थोड्या पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये. सकाळी त्यात काकडी, डाळिंबाचे दाणे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड. लोणचं विसरायचं नाही, सगळा जीव त्यात आहे. जन्माष्टमीची वाट बघायची गरज नाही.

गोडात माझी पहिली पसंती शिकरणीला. केळं पुरेसं पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं असावं. मग साखर घालावी लागत नाही, वेलदोडा पुरतो. आंबा असेल त्या दोन महिन्यांत गार झालेल्या ओट्समध्ये रस मिसळावा, रस शिजवू मात्र नये. नारळाचं दूध, गूळ आणि जायफळ हे त्रिकूट तर खिरींचं जुनंच आहे. गाईम्हशीचं दूध घेणार असाल, तर गूळ गॅस बंद करून, थोडं निवल्यावर घाला, नाहीतर दूध नासेल. थंडीत तीळ, गूळ आणि दाण्याचं कूट.

आणि एक चव अशी, की ती विकत मिळत नाही, उरावी लागते. उकडीच्या मोदकांचं सारण आणि उकड बरोबर एकाच वेळी संपल्याचं मी कुठल्याही घरात पाहिलेलं नाही. उकड उरली तर निवगऱ्या होतात. सारण उरलं की ते फ्रिजमध्ये वाटीवर वाटी झाकून राहतं आणि जाता-येता बोटांनी संपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गरम ओट्सवर घाला. गुळाचं पाणी सुटतं, खोबरं मधूनमधून दाताखाली येतं, वेलचीचा वास आधीपासून असतोच. होळीनंतर उरलेल्या पुरणाचंही तेच, फक्त दूध जरा जास्त लागतं. यात कोलेस्टेरॉलचं काय होतं हे मला विचारू नका. सण वर्षातून एकदाच येतो.

पाकिटातल्या मसाला ओट्सबद्दल मात्र मला प्रेम नाही. त्यात वाळवलेल्या वाटाण्याचे चार दाणे, गाजराचे कण आणि भरपूर मीठ असतं. ज्या माणसाचा रिपोर्ट बिघडलाय त्याला खारट भुकटी खाऊ घालण्यापेक्षा घरातला गोडा मसाला अर्धा चमचा घालावा, सोबत शेवग्याची पानं किंवा हिरवे मटार. मिनिटं सारखीच लागतात.

ओट्स परदेशी, ही तक्रारही तितकीशी खरी नाही. आपल्याकडे रब्बीत ओट पेरतात, हिरव्या चाऱ्यासाठी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी 'फुले हरिता' नावाचं वाण काढलेलं आहे. महाराष्ट्रातल्या गाईम्हशी ते मुकाट्याने, बिनफोडणीचं खातात. डॉक्टर जॉन्सननी १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशात ओट्सची व्याख्या करताना टोमणा मारला होता, की इंग्लंडात हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसांना. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने वाटी पुढे केली आणि म्हणाला, "लोणचं वाढ."

तुम्ही करून बघणार असाल तर एवढंच ध्यानात ठेवा. अर्धी वाटी ओट्स, दीड वाटी पाणी, चिमूटभर मीठ, आच मंद. मेतकूट शिजताना घालू नका, त्याचा वास उडून जातो. तूप पडल्यावर, वरून घाला. आणि कुणाला वाढताना हे पौष्टिक आहे, हृदयाला चांगलं आहे, असं आधी सांगू नका. वाटी रिकामी झाल्यावर कुणी विचारलंच, तर सांगा.