काळ्या पाण्याला निघाली हो!

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणापाशी या, ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. कोपऱ्यावरच्या बंगलीतली धाकटी... हो, तीच, लॅम रोडला पहाटे पळायला जाते ती. अंदमानला गेली. एकटी! टूरबीर काही नाही, पाठीला सॅक अडकवली की चालली. आणि आपले सगळे जातात तसं जेल पाहिलं, काचेच्या बोटीत बसलं, तसलं अंदमान नव्हे हं. त्याच्याही खाली, लिटल अंदमान! पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला शंभर-सव्वाशे किलोमीटर. पोर्ट ब्लेअरला 2024 पासून श्री विजयपुरम म्हणायचं खरं, पण जीभ वळते का मेली. तिथून सरकारी बोटीनं सात-आठ तास नुसतं पाणी, मग हट बेचा धक्का.

सॅक भरायच्या वेळी मी तिथेच होते. म्हणजे, वाटी परत करायला गेले होते हो! पाहते तर ओसरीवर दुकान मांडलेलं. टॉर्च, शिट्टी, ओडोमॉसच्या दोन ट्यूबा, दोरीचा गुंडा, नोटांची चळत प्लास्टिकच्या पिशवीत. तिथे एटीएमचा भरवसा नाही म्हणे. तेवढ्यात रद्दीवाला आला. हिनं काय करावं? त्याचा तो आकड्याचा काटा मागितला आणि सॅक लटकवली. साडेनऊ किलो! म्हणाली, आठाच्या वर नको. आणि आईनं केलेला चिवड्याचा डबा काढून बाजूला ठेवला. आईचं तोंड एवढंसं झालं. बोलली काही नाही, पदरानं डबाच पुसत बसली. पोरीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि एक जीन पँट बाहेर काढून डबा परत आत कोंबला. रद्दीवालासुद्धा हसला.

तर काय सांगत होते... आत्या! त्या नाशकाहून खास आल्या होत्या, मोडता घालायला. चहा हातात घेतला न घेतला तोच म्हणाल्या, "काळ्या पाण्याला माणसं पाठवायचे बाई, आपण होऊन कोणी जात नसे." सगळे गप्प. आणि कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या आजी, त्यांचं माहेर भगूरचं, तुम्हाला ठाऊकच आहे, त्या मान वर न करता म्हणतात कशा, "आमच्या भगूरची सून गेली होती की. 1919 साली."

माई हो, सावरकरांच्या! तात्यारावांना पन्नास वर्षांची सजा झाली, 1911 च्या जुलैत त्यांना तिकडे नेलं, थोरले बाबाराव आधीच तिथे. आठ वर्षांनी भेटीची परवानगी मिळाली तेव्हा माई धाकट्या दिरांबरोबर समुद्र ओलांडून गेल्या. बाबारावांच्या येसूवहिनींच्या नशिबी मात्र तेवढंही नव्हतं. नवऱ्याचं तोंड पुन्हा दिसायच्या आधीच त्या वारल्या. आजी म्हणाल्या, "तिला कोणी जा म्हटलं असतं तर ती पोहत गेली असती." आत्यांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही! बशीतला चहा बशीतच राहिला.

मग समोरचे सुभेदारकाका आले. तोफखान्यातली नोकरी, त्यामुळे आवाज तुम्हाला माहितीच आहे. "तिथले लोक बाण मारतात! तो अमेरिकन मारला 2018 साली!" पोरगी शांत. म्हणाली, काका, ते नॉर्थ सेंटिनेल, ते बेट वेगळं. तिथे कोणी जायचंच नाही असा कायदा आहे. तरी 2025 मध्ये आणखी एक अमेरिकन गुपचूप उतरला, किनाऱ्यावर नारळ आणि कोकचा कॅन ठेवून आला आणि पकडला गेला. कॅन हो! नैवेद्य दाखवल्यासारखा! लिटल अंदमानवर ओंगे आदिवासी आहेत, उरलेत जेमतेम शे-सव्वाशे. त्यांचा भाग राखीव आहे, तिकडे मी फिरकणारसुद्धा नाही, म्हणाली. "काका, त्यांना आपल्यापासून धोका जास्त. आपला साधा खोकला त्यांच्या जिवावर उठतो." आणि 2004 च्या सुनामीत हट बे धुऊन निघालं, पण ओंगे वाचले. समुद्र मागे हटताना बघून ते आधीच उंचावर गेले होते. काका नुसते "हं" म्हणाले. सुभेदारकाका आणि नुसते हं!

मी म्हटलं, अगं पण मगरी? तेव्हा मात्र ती हसली नाही. "मगरी आहेत काकू. खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या." खाडीच्या तोंडाशी उतरायचं नाही, तिन्हीसांजेला पाण्यात पाय घालायचा नाही, गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय कुठे डुंबायचं नाही, सगळं पाठ होतं तिला. मग मलाच म्हणते, "दारणाकाठच्या उसात बिबट्या आहे म्हणून तुम्ही भगूरचा बाजार सोडलात का?" आता काय बोलणार कप्पाळ!

मला विचाराल तर बाणाची नाही, मगरीचीही नाही, मला भीती बोटीची. हवा बिघडली की बोट रद्द. मग बसा दोन-चार दिवस अडकून, फोनलाही धड रेंज नाही. पण तिनं परतीच्या विमानाआधी पाच दिवस मोकळे ठेवलेत. आमचे हे रजेचा शेवटचा दिवस गाडीत काढतात.

शाळेतल्या त्या बाई, जाऊ दे, नाव नको, त्या म्हणाल्या, वेड लागलंय पोरीला. मी म्हटलं, बाई, आपल्या देवळाली कॅम्पाच्या नावावरूनच इंग्रजीत वेडाला शब्द पडलाय! गोरे सोल्जर मुदत संपली की घरच्या बोटीची वाट बघत इथे महिनोन्‌महिने पडून असायचे, आणि डोकं फिरायचं एकेकाचं. डुलाली टॅप. देवळालीचा ताप हो! म्हणजे बघा, वेड लागायचं ते इथे बसून राहिल्यानं. बाईंना पटलं नाही, पण गप्प झाल्या. आणि गेल्या वर्षी त्यांचाच मुलगा मोटरसायकलवर लेहला निघाला तेव्हा अख्ख्या गल्लीनं ओवाळलं होतं, ते कोणी काढलं नाही. मीही नाही काढलं. काढायला हवं होतं...

अगं बाई, मुख्य राहिलंच! तिकडे बीएसएनएल त्यातल्या त्यात बरा म्हणे, म्हणून तिनं ते कार्ड घेतलंय, आणि निरोप येतो माझ्या फोनवर. आईला पाठवला तर ती उलट फोन करून रडते म्हणे. काल फोटो आला. बटलर बेचा किनारा, लांबच लांब, चिटपाखरू नाही, आणि वाळूत चिवड्याचा डबा. रिकामा! आणि तो बघायला पहिलं कोण आलं असेल? आत्या! नाशकाहून बसनं. आज सकाळी परत फोन, "बोट सुटली का गं?" चष्मा लावून तीनदा पाहिला फोटो, आणि म्हणतात काय, चिवड्यात शेंगदाणे कमी घातले होते वहिनीनं.

तुम्ही मात्र आत्यांसमोर यातलं काही बोलू नका हं. आणि हो, तुमची ती कढीलिंबाची फांदी जरा आत ओढून घ्या, माझ्या वाळत घातलेल्या साड्यांना लागते.