प्रकरण प्रलंबित ठेवावे

शेजारणीकडून आलेले भांडे रिकामे परत करू नये, असा आपल्याकडे एक अलिखित कायदा आहे. आणि तो कोणत्याही विधिमंडळाने संमत केलेला नसल्यामुळेच की काय, त्याची अंमलबजावणी कधी ढिली पडलेली माझ्या पाहण्यात नाही. दुसरे काही नसेल तर तळाशी चिमूटभर साखर टाकून का होईना, पण वाटी भरलेलीच परत गेली पाहिजे. हा कायदा सातासमुद्रांपलीकडे लागू होतो किंवा कसे, याचा निवाडा करण्याचा प्रसंग माझ्यावर वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेत न्यू जर्सी येथे मुलीच्या घरी मुक्कामास असताना, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला.

पलीकडल्या घरातील वृद्ध बाई लोकरीची टोपी कानांवर ओढून, निसरड्या वाटेवर एकेक पाऊल जपून टाकीत आमच्या दाराशी आल्या, एक तांबडा पत्र्याचा डबा सौभाग्यवतींच्या हाती ठेवला, नाताळचे अभीष्टचिंतन केले आणि आल्या तशाच परत गेल्या. डब्यात मेणकागदाच्या घड्यांत चौकोनी वड्या मांडलेल्या होत्या. खालचा थर चॉकलेटचा, काळसर तपकिरी. वरचा दुधाळ पांढरा. आणि त्यावर पेपरमिंटच्या कांडीचा लाल-पांढरा चुरा. नातीने ‘फज!’ अशी आरोळी ठोकली आणि मोजदाद होण्यापूर्वीच दोन वड्या गहाळ केल्या.

हा शब्द माझ्या कानांवरून पूर्वी गेलेला होता, परंतु मिठाईच्या संबंधात नव्हे. हिशेबाचे आकडे ओढूनताणून जुळविण्याच्या क्रियेस इंग्रजीत हेच क्रियापद आहे. आणि महसूल खात्यात ३४ वर्षे, त्यांतली अखेरची ९ अव्वल कारकून या हुद्द्यावर काढलेल्या मनुष्यास त्या क्रियेची ओळख नसेल, असे कोण म्हणेल? (ओळख म्हणतो, अनुभव म्हणत नाही, निवृत्तिवेतन अद्याप चालू आहे.) कॅरमेलचा एक घाणा बिघडला आणि त्या बिघाडासच हे नाव पडले, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, बिघडलेल्या पदार्थाचे नवे नामकरण करून तो पानात वाढण्याची विद्या एकट्या अमेरिकेतच उपजली असे मानण्याचे कारण नाही. कागदोपत्री पुरावा म्हणाल, तर तो एका पत्रात आहे. व्हॅसार कॉलेजात शिकलेल्या एमिलिन हार्ट्रिज या बाईंनी लिहून ठेवले आहे की, १८८६ साली बाल्टिमोर शहरात ही मिठाई ४० सेंटांस पौंड या दराने विकली जात होती, आणि तिची कृती मिळवून त्यांनी १८८८ साली कॉलेजातील एका लिलावासाठी ३० पौंड फज स्वहस्ते केले. पुढे स्त्रियांच्या इतर महाविद्यालयांतही हे वेड पसरले, आणि वसतिगृहात निजण्याची वेळ उलटल्यावर चोरून करण्याचा पदार्थ म्हणून फजची कीर्ती झाली. हे कळल्यावर त्या वडीविषयीचा माझा आदर दुणावला.

डबा भरून परत जावयाचा, यात दुमत नव्हते. वाद होता तो कशाने भरावयाचा याचा. सौभाग्यवतींनी रव्याच्या लाडवांची सूचना मांडली. नातीने, ‘आजी, ख्रिसमसला फजच करतात,’ असे म्हणून ती तिथल्या तिथे निकालात काढली. जावईबापू तटस्थ राहिले, मुलगी फोनवर होती, आणि चहाच्या तरतरीत मी ‘फजची तजवीज मी करतो’ असे बोलून गेलो. सौभाग्यवतींनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे क्षणभर पाहिले.

“अहो, आपल्या घरी साखरेचा डबा कोणता, ते तरी सांगता येईल का?”

हा प्रश्न अप्रस्तुत म्हणून मी विचारात घेतला नाही.

प्रथम मुलीने एक सुलभ कृती पुढे केली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या नावाने ती प्रसिद्ध आहे, तिला दहा लाख डॉलरांचे फज म्हणतात, आणि तीत साडेचार कप साखर पडते. साखरेचा आकडा पाहून मला त्या बाईंविषयी आपुलकी वाटली. परंतु त्या कृतीत मार्शमॅलो क्रीम नावाचा एक चिकट, शुभ्र पदार्थ लागतो, आणि त्याच्या बरणीवरील बारीक अक्षरे भिंगाखाली धरून वाचता अंड्यातील पांढऱ्याचा उल्लेख आढळला. सौभाग्यवतींनी बरणीचे झाकण परत लावले. दहा लाख डॉलर असे गेले, आणि आम्ही साखर, दूध, लोणी व कोको यांच्या जुन्या, खडतर मार्गास लागलो.

त्या मार्गाचा पूर्वार्ध सोपा आहे. हे सर्व एकत्र उकळून त्याची उष्णता फॅरनहाइटच्या २३५ ते २४० अंशांपर्यंत न्यावयाची. मुलीने त्यासाठी लांब दांडीचा तापमापक पातेल्यास अडकविला, आणि सौभाग्यवतींनी, कोणी सांगितले नसता, बशीत गार पाणी घेऊन ठेवले. पारा २३८ वर आला त्याच क्षणी बशीतल्या थेंबाची मऊ गोळी वळली. एकीने इंग्रजीत त्या अवस्थेचे नाव घेतले, दुसरीने ‘झाला हो गोळीबंद पाक’ म्हटले, आणि दोन्ही पक्ष आपापला विजय झाला असे मानून स्वयंपाकघरातून निघून गेले. पातेल्यापाशी मी एकटा उरलो, आणि अनर्थाचा आरंभ तेथे झाला.

कारण उत्तरार्धाचे कलम असे की, पातेले खाली उतरविल्यावर ते ११० अंशांपर्यंत निवेतो त्यास हात लावावयाचा नाही. ढवळावयाचे नाही, हलवावयाचे नाही, कडेस चिकटलेली साखर खरवडून आत लोटावयाची नाही. गरम पाकात साखरेचा एखादा कण जरी अवेळी जागा झाला, तरी तो भोवतालची साखर आपल्याकडे ओढून घेऊन मोठा खडा बनतो, त्याचे पाहून इतर कण तेच करतात, आणि वडी रवाळ होते. तोच पाक निवल्यावर घोटला असता असंख्य सूक्ष्म कण एकदम जमतात, आणि जिभेस त्यांचे अस्तित्वच जाणवत नाही. हे मी वाचले होते. परंतु निवृत्त मनुष्यास उद्योगाचे जे व्यसन जडते त्यापुढे वाचनाचा काय पाड लागणार! पाचव्या मिनिटास मी एकवार, केवळ एकवार, अत्यंत सौम्य हाताने चमचा फिरविला.

“नदीकाठ आला दाताखाली,” एवढाच शेरा सौभाग्यवतींनी मारला, आणि तो सार्थ होता.

असल्या रवाळ फजमध्ये पाणी घालून ते पुन्हा कढविता येते, ही या पदार्थाची उदारता होय. तसे ते कढविले. या खेपेस तापमापकाची दांडी पातेल्याच्या बुडास टेकून राहिली होती, त्यामुळे त्याने खोटी साक्ष दिली. पाक कच्चा उतरला, आणि तासभर घोटूनही सायंकाळपर्यंत ओघळतच राहिला. तो आइस्क्रीमवर घालून नातीने संपविला. नामकरणाची वर सांगितलेली विद्या येथे उपयोगी पडली.

तिसऱ्या खेपेस मी खुर्ची आणून पातेल्यासमोर बसलो, हातांची घडी घातली, आणि एकाएकी मला असे वाटले की आपण या पदार्थासाठीच जन्मास आलो आहोत. आलेल्या अर्जास तत्काळ हात लावू नये, त्यावर आवक क्रमांक पडताच तो लाल फितीत बांधून फळीवर ठेवावा, अर्जदार येऊन तापला तरी आपण तापू नये, मामलेदारांनी सहज विचारले तर ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे नम्रपणे सांगावे, आणि अर्ज, अर्जदार व मामलेदार हे तिघेही पुरेसे निवाले म्हणजेच दप्तर उघडावे, हे जे शास्त्र मी ३४ वर्षे आचरिले आणि ज्यापायी गावोगावच्या खातेदारांचे शिव्याशाप घेतले, ते शास्त्र या पातेल्यास जसेच्या तसे लागू होते! सव्वा तास मी हललो नाही. नात दोनदा येऊन ‘आजोबा, झालं का?’ असे विचारून गेली; दोन्ही वेळा तिला विचाराधीन असल्याचे कळविण्यात आले.

पारा ११० वर आला आणि मग ३१ मार्च उजाडला. मी लाकडी चमचा उचलून असा घोटण्यास लागलो की पूर्वी वर्षअखेरीस शिल्लक अनुदान खर्ची टाकतानाही माझा हात इतका चालला नसेल. पाकावरची तकाकी जाऊन तो मंद पडला, की काही क्षणांतच तो ताटात ओतावा लागतो. हयगय झाली तर तो पातेल्यातच कायमचा मुक्काम ठोकतो.

थरांचे काम त्याहून नाजूक. खालचा थर ओला असेल तर वरचा त्यात बुडून जातो, आणि खालचा अगदी टणक होऊन बसला असेल तर वरचा त्यास धरीत नाही, सुरी लागताच दोघे विभक्त होतात. अव्वल कारकून आणि कनिष्ठ कारकून यांच्यासंबंधीही मला एवढेच सांगता आले असते. वरच्या पांढऱ्या थरात पेपरमिंट घालावे, असा नातीचा आग्रह होता. “पेपरमिंट पडशावर घेतात,” असे म्हणून सौभाग्यवतींनी त्यात वेलदोड्याची पूड घातली आणि वर पिस्त्याचे काप पेरले. मी हरकत नोंदविली नाही.

२३ तारखेस डबा भरून परत केला. बाईंनी आमच्यासमोरच एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि हा सुगंध कशाचा म्हणून विचारले. सौभाग्यवतींनी वेलदोड्याच्या चार टपोऱ्या शेंगा त्यांच्या तळहातावर ठेवल्या. परत येताना जावईबापू संकोचाने म्हणाले की, या देशात असा डबा परत करीत नसतात, तो भेटीचाच भाग असतो. हे त्यांनी १० दिवस आधी सांगितले असते तर साखर आणि मनुष्यबळ दोन्ही वाचले असते. पण जावयास जाब कोण विचारणार?

बाईंचा मात्र समज झाला असावा की आमच्याकडे डबा ठेवून घेणे अशुभ मानतात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्या तो आल्याच्या बिस्किटांनी शिगोशीग भरून परत घेऊन आल्या. सौभाग्यवतींनी तो ओट्यावर, माझ्या खुर्चीवरून नेमका दिसेल अशा जागी ठेवला आहे. आज २८ डिसेंबर. डबा कालपासून रिकामा आहे.