ऑडिटरकाका

ऑडिटरकाका लोकल फंडाच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले, पण हातातलं हिरवं पेन काही सुटलं नाही. उभी हयात मराठवाड्यातल्या ग्रामपंचायती आणि पंचायत समित्या तपासण्यात गेली. एखाद्या सरपंचानं खरोखर विहीर खणली आणि पावती हरवली, तर काकांच्या लेखी ती विहीर नव्हतीच. उलट पावती चोख आणि विहीर गायब असली, तर ‘प्रत्यक्ष पाहणी करावी’ एवढाच सौम्य शेरा. घरीही तोच कायदा. भाजीवाली पावती देत नाही, त्यामुळे कोथिंबिरीपोटी काकूंच्या नावावर भलीमोठी रक्कम ‘वसूलपात्र’ आहे. काकूंनी अनुपालन सादर केलेलं नाही. करणारही नाहीत.

संध्याकाळी काका औरंगाबादेतल्या कॅनॉटच्या बाकावर येतात. त्या बाकावर सगळी विधानसभा बसते. वकीलसाहेब भाजपचे. मास्तर काँग्रेसचे, अजूनही. दोघे सख्खे भाऊ, एक शिंद्यांच्या शिवसेनेत, दुसरा ठाकऱ्यांच्या. आईच्या औषधाचा खर्च मात्र निम्मा-निम्मा. झेरॉक्सवाला पोरगा चहा प्यायला येतो, तो एमआयएमचा. भांडणाचा विषय एकच, की कुणाचे आमदार सरकारी पैसा जास्त उडवतात. नळाला पाणी आल्याचा घरून फोन येईपर्यंत हे अधिवेशन चालतं. फोन आला की सगळे पक्ष एकदिलानं सभात्याग करतात, कारण या शहरात पाणी एकदा चुकलं की पुढची पाळी कधी, हे कुणीच सांगू शकत नाही.

एकदा काका उठून उभे राहिले. ‘तोंडी पुरावा ग्राह्य नाही. मी पक्षनिहाय तुलनात्मक तक्ता काढतो.’ वकीलसाहेबांनी टाळी दिली. धाकट्या भावानं हळूच सुचवलं, ‘काका, आधी दादाच्या पक्षाचा काढा.’

त्यासाठी विधानमंडळाकडे माहिती मागायची, तर महाराष्ट्रातल्या नियमानुसार माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आसपास बसवावा लागतो. काकांचा पहिला मसुदा ‘संदर्भ’ या मथळ्याखालीच दीडशेच्या पुढे गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खर्चाला कात्री लावणारा माणूस स्वतःचं एक ‘उपरोक्त’ कापताना हळवा झालेला मी पाहिलाय. शेवटी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवून अर्ज मुंबईला गेला.

उत्तर आलं. तोवर काकांनी तक्त्याचा कागद आखून ठेवला होता. ताव आडवा, डावीकडे बाबी, वर पक्षांची नावं, शेवटचा रकाना ‘शेरा’चा आणि तो सगळ्यात रुंद. टेलिफोन : आठ हजार. पुढच्या पक्षाचा, आठ हजार. त्याच्या पुढच्याचा, आठ हजार. लेखनसामग्री आणि टपाल : दहा हजार, दहा हजार, दहा हजार. बैठकीचा दैनिक भत्ता : दोन हजार, सर्वांना. १९५६ सालच्या वेतन-भत्त्यांच्या कायद्याला पक्ष कळतच नाहीत. झेरॉक्स काढताना तो पोरगा थबकला. ‘चाचा, एकही पन्ना बार बार कायकू निकाल रै?’

‘एकच नाही. पक्ष वेगवेगळे आहेत,’ काका म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

आकडे सारखे निघाले याचा काकांना फारसा धक्का नव्हता. धक्का वेगळाच होता. हे भत्ते ठोक. महिन्याला आठ हजारांचं बोलणं झालं का, कुणाशी झालं, मिस्ड कॉलवर भागलं का, काही दाखवावं लागत नाही. बिल नाही, प्रमाणक नाही, म्हणजे आक्षेप घ्यायला जागाच नाही. ज्या माणसानं सतरंजीच्या धुलाईपोटी ग्रामसेवकाला घाम फोडला, त्याच्यापुढे अख्खं विधानमंडळ पाटी कोरी घेऊन उभं होतं. बिलं लागतात ती औषधोपचाराच्या खर्चाला, पण तिकडे काका वळले नाहीत. ‘लोकांच्या मूळव्याधीत आपण कशाला शिरा?’

माझं मत विचाराल तर काकांनी तक्ता आखायच्या आधी जुनी वर्तमानपत्रं काढायला हवी होती. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झालं. माजी आमदारांचं निवृत्तिवेतन चाळीस हजारांवरून पन्नास हजारांवर गेलं. एरवी माइक ओढणारी, कागद भिरकावणारी मंडळी त्या दिवशी कशी गुण्यागोविंदानं नांदली! एप्रिल २०२० मध्ये करोनापायी वर्षभरासाठी तीस टक्के कपात झाली, तीही सगळ्यांना सारखी. मी हे बोलून दाखवलं तर काका म्हणाले, ‘वर्तमानपत्र हे प्रमाणक नव्हे.’

बाकावर तक्ता मांडला तेव्हा खरी गंमत झाली. वकीलसाहेबांनी तो घडी घालून फक्त काँग्रेसचा रकाना वाचला आणि ‘बघा, बघा!’ म्हणाले. मास्तरांनी उलटी घडी घातली आणि तेच म्हणाले. दोघे भाऊ एकमेकांच्या रकान्यावर बोट ठेवून बसले. ‘तुमचेवाले आठ-आठ हजार फोनवर उडवू लागले अन् म्हणे निष्ठा!’ पूर्ण ताव कुणी उघडलाच नाही. काकांनी चारदा सांगितलं, आकडे सारखे आहेत. त्यावर मोठा भाऊ म्हणाला, ‘सारखे असतील, पण त्यांचे मनाला लागतात.’

त्याच सुमारास काकांच्या नातवानं त्यांना इंग्लंडची गोष्ट सांगितली. २००९ साली तिथल्या खासदारांचे खर्च वर्तमानपत्रानं चव्हाट्यावर आणले. त्यात हुजूर पक्षाच्या एका खासदारानं तळ्यातल्या बदकांच्या तरंगत्या घरासाठी १,६४५ पौंड मागितलेले निघाले. ते मंजूर मात्र झाले नव्हते. नातवाला वाटलं, आजोबा संतापतील. काकांचे डोळे भरून आले. ‘बदकांच्या घराचं बिल लावलं? आणि नामंजूर झालं? म्हणजे तिथं कुणीतरी वाचतंय रे!’ आठवडाभर ते त्या न पाहिलेल्या इंग्रज कारकुनाबद्दल सख्ख्या भावासारखे बोलत होते.

आपल्याकडे असं बारीकसारीक कुठे सापडेल, या शोधात त्यांना निवडणूक खर्चाचे हिशेब सापडले आणि तब्येत पुन्हा खुलली. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा चाळीस लाख, आणि निकालानंतर तीस दिवसांच्या आत हिशेब दाखल करायचा. त्यात खुर्ची, मंडप, हार, चहा, नाश्ता सगळं जिल्ह्यात ठरलेल्या दरानं लावायचं. चहाच्या कपाचंसुद्धा प्रमाणक! वर १९६१ च्या नियमांप्रमाणे हे हिशेब एक रुपया भरून कुणालाही पाहता येतात. काकांनी नवा ताव आखला : औरंगाबाद पूर्व, मध्य, पश्चिम. शहराचं नाव बदललं तरी मतदारसंघांची नावं जुनीच आहेत, यावर त्यांनी समासात एक हिरवी टीप जोडली. २०२४ च्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध घसा फोडणाऱ्यांनी वडापाव किती खाल्ले, याची पक्षनिहाय तुलना आता होणार होती.

हिशेब पाहायला निवडणूक कार्यालयात मीही सोबत गेलो. खिडकीवरच्या तरुण बाईंनी आदरानं फायली पुढे ठेवल्या. काकांनी एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि पावती मागितली.

‘राहू द्या काका, एका रुपयाचं काय! बघा तुम्ही निवांत.’

काकांनी फायलीवरचा हात काढून घेतला. ‘फुकट पाहिलं तर मी पाहिल्याला पुरावा काय?’

बाई आत गेल्या. रुपया कोणत्या शीर्षाखाली जमा करायचा यावर आत बराच खल झाला. एक साहेब बाहेर येऊन नाणं पाहून गेले. पावतीपुस्तक शोधायला शिपाई धाडला. जेवणाची सुट्टी झाली, खिडकी लागली, आणि फायली तिच्या पलीकडे गेल्या. मी म्हटलं, ‘काका, बसून राहण्यापेक्षा मघाशी पाहून टाकलं असतं तर?’ काकांनी पिशवीतून डबा काढला, माझ्यापुढे अर्धी पोळी केली, आणि सांगितलं की वांगी काकूंनी पावतीशिवाय आणलेली आहेत, तेव्हा खायची तर स्वतःच्या जबाबदारीवर खा.